नांव हिब्रू, आडनांव कोंकणी

मालवणकर, आचरेकर, वेंगुर्लेकर हीं आडनांवें ऐकलीं कीं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरचें एकेक गांव डोळ्यांपुढें उभें राहतें; माणसाच्या जातीचा मात्र थांग लागत नाहीं. याच किनाऱ्यानें उत्तरेस अलिबागपर्यंत जावें, म्हणजे ही गोष्ट अधिकच पटते. दिवेकर म्हटलें कीं आपल्या घरांतून चित्पावनांचें स्मरण होतें. परंतु मुंबईंतील पहिलें यहुदी प्रार्थनामंदिर १७९६ सालीं ज्यांनीं बांधलें, ते सामाजी हसाजीही दिवेकरच! टिपूच्या कैदेंतून सुटल्यावर त्यांनीं केलेला नवस असा फेडला, असें सांगतात.

हे बेने इस्राएल. यांचीं जुनीं गांवें आजच्या रायगड जिल्ह्यांत. तेल गाळणें हा पूर्वीचा धंदा. शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. नवगांवजवळ गलबत फुटून वांचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. किहीमचे ते केहीमकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर. चित्रपटांतले डेव्हिड पुष्कळांस आठवत असतील. तेही डेव्हिड अब्राहम चेऊलकर. या आडनांवांत हिब्रूचें एक अक्षर सांपडावयाचें नाहीं. हिब्रू आहे तें पहिल्या नांवांत, आणि तेंही मराठी अंगरखा घालून. शमुएलचा सामाजी झाला. 'ईश्वर बळ देतो' अशा अर्थाच्या यहेज्केलचा हसाजी.

रूबेन, सॅमसन, एझिकेल अशीं जीं खरीं हिब्रू मुळाचीं आडनांवें या समाजांत आढळतात, तीं बहुधा मागाहूनचीं. इंग्रजी अमदानींत बापाचें नांव शेवटीं लिहिण्याची चाल पडली, आणि गांव गळून तेंच पुढें चिकटलें. मुंबईचे १९३७ सालचे महापौर डॉ. एलिजा मोझेस यांचें राजपूरकर हें आडनांव आज किती जणांस ठाऊक आहे? आडनांव जितकें हिब्रू, तितकें तें नवें, असें आम्हांस वाटतें.

१९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलला गेलीं. इकडे ज्यांच्या आडनांवावरून धर्म कळत नसे, त्यांस तिकडे धर्मच सिद्ध करण्याची पाळी आली. त्यांच्या विवाहाच्या वेळीं पूर्वजांची चौकशी करावी, असा आदेश धर्मगुरूंनीं १९६२ सालीं काढला. १९६४ सालीं, मोठ्या चळवळीनंतर, तो वाद मिटला. 'कर' मात्र पुष्कळांनीं टाकला नाहीं. इस्राएलांत 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकही त्यांनीं चालविलें. त्याहूनही आधीं, १९३७ सालीं, या समाजाचा इतिहास तेल अवीवला छापला गेला. ग्रंथकर्त्याचें नांव हाईम सॅम्युएल केहीमकर. आपलें किहीम तेथें कोणास ठाऊक असणार!