कडधान्य मोहिमेत अळसांदे कुठे?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्य आत्मनिर्भरता मोहिमेचा शुभारंभ केला. ११,४४० कोटी रुपयांची तरतूद आणि २०३०-३१ पर्यंत देशाचे कडधान्य उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट, असे तिचे स्वरूप आहे. जगात सर्वाधिक कडधान्ये पिकवणाऱ्या देशाला ती आयातही करावी लागतात, ही विसंगती दूर करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे. मात्र मोहिमेचा भर तूर, उडीद आणि मसूर या तीन पिकांवर आहे. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीतही या तिघांखेरीज हरभरा आणि मूग एवढीच कडधान्ये आहेत. चवळीला, म्हणजेच गोमंतकीयांच्या अळसांद्यांना, दोन्हीकडे स्थान नाही. त्यामुळे गोव्यात कडधान्याचे क्षेत्र वाढवायचे असेल, तर विचार राज्यालाच करावा लागेल.

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या राज्यात कोरडवाहू शेतीचा प्रश्न कसा, असे कोणालाही वाटेल. पण हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून वेगाने समुद्राला मिळतो. पुढील सात-आठ महिने, कालव्याचे किंवा बांधाऱ्याचे पाणी जेथे पोहोचत नाही, तेथील शेत कोरडवाहूच असते. सरद शेतीचे भात कापल्यानंतर अशी अनेक शेते थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत ओस राहतात. या शेतांत कापणीनंतर उरणारा ओलावा हेच अळसांद्यांचे भांडवल. खोल जाणारी मुळे, कमी पाण्यावर तग धरण्याची क्षमता आणि हवेतील नत्र जमिनीत स्थिर करणाऱ्या मुळांवरील गाठी, या गुणांमुळे हे पीक भातानंतरच्या शेतासाठी अत्यंत अनुरूप ठरते.

तथापि हे भांडवल दिवसागणिक आटत असते. कापणी आणि पेरणी यांत दोन-तीन आठवडे गेले, तर वरचा थर सुकतो, उगवण विरळ होते आणि ऐन फुलोऱ्यात पीक माना टाकते. म्हणून या पिकाच्या सुधारणेचा पहिला नियम खताचा नसून वेळेचा आहे. कापणी होताच हलकी नांगरट करून लगेच फळी फिरवणे, बियाणे काही तास भिजवून सावलीत सुकवून ओळीत पेरणे, रायझोबियम जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करणे, ही कामे फारशी खर्चिक नाहीत. पेरणीनंतर तीन आठवड्यांच्या आत केलेली कोळपणी तणाबरोबरच जमिनीतून उडून जाणारा ओलावाही रोखते. ओळींमध्ये भाताचा पेंढा पसरल्यास तेच साधते. जवळ विहीर असल्यास फुलोऱ्याच्या आणि शेंगा भरण्याच्या वेळी दिलेले एखादे पाणी उत्पादनात मोठा फरक घडवते. जांभ्या मातीचा आम्लपणा मात्र गाठींच्या वाढीस मारक असतो. तेथे मातीपरीक्षणानुसार चुना देण्याला पर्याय नाही.

दुसरा प्रश्न बियाण्याचा. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा काऊपी-३’ हे वाण विकसित केले आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘कोकण सदाबहार’ हे लवकर तयार होणारे वाणही उपलब्ध आहे. ओलावा लवकर संपणाऱ्या शेतासाठी असे अल्पमुदतीचे वाण उपयुक्त ठरते. परंतु गोमंतकीय ग्राहक शोधतो ते गावठी, टपोरे अळसांदे, आणि त्यांचे बियाणे आजही मुख्यतः शेतकऱ्यांच्या घरीच टिकून आहे. साठवणीत भुंगेरा लागला की एका हंगामात ते नष्ट होऊ शकते. जगातील सर्वाधिक चवळी पिकवणाऱ्या नायजेरिया आणि नायजर या देशांनाही हाच भुंगेरा छळत आला आहे. पश्चिम आफ्रिकेतील शेतकऱ्यांनी त्यावर तीन थरांच्या हवाबंद पिशव्यांचा उपाय मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. आत प्राणवायू न उरल्याने किडीची वाढ थांबते आणि औषधाची गरज राहत नाही. गावपातळीवर अशी बीजसाठवण उभारणे राज्याला सहज परवडण्याजोगे आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत बिकट, आणि तो शेतशास्त्राचा नाही. भात कापले की गुरे मोकळी सोडण्याची रीत जुनी आहे. संपूर्ण मळा पिकाखाली असताना राखणदार ठेवणे परवडत असे. आज सभोवतालची शेते ओस पडलेली असताना एकट्याने केलेली हिरवी पेरणी म्हणजे मोकाट गुरांना दिलेले आमंत्रणच होय. एकेका शेतकऱ्याला कुंपणासाठी अनुदान दिल्याने तुकड्या-तुकड्यांची शेती सुरक्षित होत नाही. संरक्षण संपूर्ण मळ्याचे हवे, पेरणी एकाच आठवड्यात व्हायला हवी आणि यंत्राची नोंदणीही सामूहिक हवी. कोमुनिदाद, कूळ संघ आणि स्वयंसाहाय्य गट यांना एकत्र आणून मळा हाच घटक मानणारी योजना आखल्याशिवाय पेऱ्याचे क्षेत्र वाढणे कठीण आहे.

भातशेतीच्या जमिनी बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा राज्याने २०२३ मध्ये केला. २०२५ मध्ये अमृतकाळ कृषी धोरणही आले. कायदा विक्री रोखू शकतो, शेत पिकवू शकत नाही. वर्षातील आठ महिने ओस राहणारी जमीन मालकाला ओझे वाटू लागते आणि तिचे रूपांतर व्हावे, ही इच्छा तेथूनच बळावते. दुसऱ्या पिकाचे चार पैसे हाती आले, तर त्या इच्छेला काही अंशी तरी आवर बसेल.

त्यासाठी फार मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. येत्या हंगामात प्रत्येक तालुक्यात एकेक मळा निवडून कापणीपूर्वीच बियाणे, यंत्र आणि राखणीची व्यवस्था करावी, पेरणीआधी खरेदीचा दर जाहीर करावा आणि शेंगा उतरल्यावर हिशेब लोकांसमोर मांडावा. ओलावा सरकारी फाइलीसाठी थांबत नाही. डिसेंबरच्या अखेरीस पोहोचणारे अनुदानित बियाणे कागदावर वाटप ठरते, शेतात मात्र त्याचे पीक होत नाही.