विचारायला कोणी नसलेल्यांसाठी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकात संगणकाविषयी लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. ‘हा विषय शास्त्र शाखेच्या मुलांचा’ असे म्हणून ते पान उलटतीलही. पण मला ज्या गोष्टीविषयी लिहायचे आहे तिचा संबंध गणिताशी थोडा आणि लिहिण्यावाचण्याशी अधिक आहे. ती गोष्ट म्हणजे संगणकाच्या पोटातच असलेली माहितीपुस्तिका, आणि तिची पाने वाचकापुढे नीट मांडणारे, त्यांत शोध घेऊ देणारे ‘मॅनडॉक’ नावाचे एक लहानसे सॉफ्टवेअर.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली घडवायला घेतली. पुढे मोठे यंत्र हवे झाले तेव्हा ते मागताना त्यांच्या गटाने कारण दिले ते मजकूर लिहिण्याचे व मांडण्याचे. त्या यंत्रावरचे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे त्याच संस्थेच्या पेटंट विभागातील टंकलेखक! तेव्हा संगणकाचे आणि आपल्या कला शाखेचे नाते मुळीच नाही, असे कोणी समजू नये.

युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. तिची रचना ठरलेली होती. प्रत्येक आज्ञेचे स्वतंत्र टिपण. त्यात आज्ञेचे नाव, ती कशी लिहावी, ती काय करते, आणि ‘बग्ज’, म्हणजे दोष. आपण केलेल्या वस्तूतील उणिवा आपणच छापून वाचकाच्या हाती द्यायच्या! रिची यांनी पुढे सांगितले आहे की, या सदराची लाज वाटून कितीतरी दोष चव्हाट्यावर मांडण्याऐवजी दुरुस्तच केले गेले. आपल्या किती क्रमिक पुस्तकांत ‘या पुस्तकातील दोष’ असे प्रकरण असते, हा प्रश्न मी वाचकांवरच सोपवते.

ही पुस्तिका संगणकातच असते. ‘मॅन’ असे लिहून पुढे आज्ञेचे नाव लिहिले की तिचे पान पडद्यावर उघडते. मात्र ते पान आत जसेच्या तसे ठेवलेले नसते. तो साधा मजकूर असतो, आणि कोठे मथळा, कोठे ठळक अक्षर, हे सांगणाऱ्या खुणा त्यात पेरलेल्या असतात. त्या खुणा वाचून पान मांडणारे कोणी तरी लागते. १९७३ च्या सुमारास जो ओसाना यांनी यासाठी ‘ट्रॉफ’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच धर्तीवर १९९० च्या सुमारास जेम्स क्लार्क यांनी ‘ग्रॉफ’ केला आणि तो अनेक वर्षे बहुतेक ठिकाणी वापरात राहिला. ग्रॉफची योग्यता मोठी आहे. त्यावर आखीव पुस्तके जुळवता येतात. पण फलकावर चार ओळींची सूचना लावण्यासाठी सबंध छापखाना उभा करावा, तसे ते होते.

२००८ साली क्रिस्ताप्स जोन्सन्स यांनी मॅनडॉक लिहायला घेतले, आणि पुढे इंगो श्वार्त्से यांनी ते वर्षानुवर्षे सांभाळले व वाढवले. सर्व प्रकारची छपाई करण्याचा हव्यास त्यात नाही. माहितीपुस्तिकेची पाने वाचावी, मांडावी, शोधावी, एवढेच त्याचे काम. ते सी भाषेत लिहिलेले आहे. त्याचा परवाना काही ओळींचा असून, मूळ लेखकांचे नाव व ती सूचना कायम ठेवली की कोणीही ते वापरावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे. ओपनबीएसडी या प्रणालीने ते आधी स्वीकारले. आज फ्रीबीएसडी, अल्पाइन लिनक्स, व्हॉइड लिनक्स यांतही तेच आहे. २०२२ साली ॲपल कंपनीनेही आपल्या मॅकओएसमध्ये ग्रॉफच्या जागी मॅनडॉक बसवले. थोडक्यात, महागड्या संगणकावर आणि मोडकळीस आलेल्या संगणकावर पान उघडून देणारा हात एकच आहे.

आता शोधाविषयी. मला सर्वांत अधिक आवडलेली गोष्ट येथे आहे. जुन्या पद्धतीत लेखक बहुतांशी एवढेच सांगे की हा शब्द ठळक छापा, तो तिरका छापा. १९९० च्या सुमारास बर्कलीच्या युनिक्ससाठी सिंथिया लिव्हिंग्स्टन यांनी ‘एमडॉक’ ही खुणांची भाषा रचली. तीत लेखक शब्दाचे रूप सांगत नाही, शब्दाचे काम सांगतो: हे आज्ञेचे नाव, हा फाइलचा पत्ता, हे लेखकाचे नाव. व्याकरणाच्या तासाला आपण जे करतो तेच हे. शब्दाखाली रेघ मारणे वेगळे आणि तो कर्ता की कर्म हे सांगणे वेगळे. मॅनडॉकने या खुणांचा पुरेपूर उपयोग केला. त्याच्या ‘ॲप्रोपो’ या आज्ञेला, अमुक फाइलचा उल्लेख फाइल म्हणून कोठे आला आहे, किंवा अमुक व्यक्ती कोणत्या पानांची लेखक आहे, असे नेमके विचारता येते. शिवाय पान लिहिणाऱ्याच्या चुकाही ते दाखवते. प्रकरणांचा ठरलेला क्रम चुकला तरी ओळीच्या क्रमांकासह सांगते, तांबड्या शाईच्या पेनाने वही तपासावी तसे.

कोणी म्हणेल, या सगळ्याचे तुला एवढे काय? तर त्याचे उत्तर माझ्या घरात आहे. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई-वडिलांनी कष्टाने शिकवले, पण अर्ज कसा भरावा, ग्रंथालयात पुस्तक कसे शोधावे, हे घरी कोणाला विचारावे? ज्यांच्या घरी दोन पिढ्या शिकलेल्या असतात त्यांना या गोष्टी जेवता जेवता कळतात. बाकीच्यांना त्या बाहेर विचाराव्या लागतात, आणि विचारताना आधी धीर गोळा करावा लागतो. आमच्या संगणक कक्षातील जुन्या यंत्रांवर एका माजी विद्यार्थ्याने व्हॉइड लिनक्स बसवून दिले आहे. तेथे मी ही पाने वाचू लागले. इंटरनेट बंद असले तरी पान उघडते. तीच गोष्ट दहादा पाहिली तरी कोणी ‘एवढेही येत नाही?’ म्हणत नाही.

ही पाने इंग्रजीत असतात, आणि मराठी माध्यमातून आलेल्यांना ती भिंत वाटते, हे खरे आहे. परंतु या इंग्रजीचा साचा ठरलेला असतो. मथळे तेच, क्रम तोच, वाक्ये आखूड. दहा पाने चिकाटीने वाचली की अकरावे पान ओळखीचे वाटते. ही पाने रुक्ष असतात, पुष्कळदा उदाहरणे अपुरी असतात, हेही मी नाकारत नाही. ती शिकवणी नव्हेत, संदर्भग्रंथ आहेत. शब्दकोश वाचून कोणी कवी होत नाही, पण म्हणून शब्दकोश नको असे आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्न विचारला की मराठीतही उत्तर मिळते, मग पुस्तिका कशाला? मी त्या साधनाचा तिरस्कार करीत नाही. पण ते उत्तर बरोबर की चूक हे ताडून पाहायला काही तरी हवेच. माझ्यासमोरच्या यंत्रावर प्रोग्रॅमची जी आवृत्ती आहे, तिच्याबरोबर आलेले पान तिच्याविषयीच बोलते. ते लिहिण्याची जबाबदारी कोणा माणसाने घेतलेली असते. ओपनबीएसडीच्या मंडळींत तर प्रोग्रॅम बदलला की पान बदललेच पाहिजे असा दंडक आहे, आणि पानातील चूक ही प्रोग्रॅममधील चुकीइतकीच गंभीर मानली जाते. ज्याला दुसरीकडे विचारायची सोय नाही, त्याला असे खात्रीचे पान हाच आधार असतो.

म्हणूनच माझे मत असे की, ज्ञान लिहून ठेवले एवढ्याने काम संपत नाही. ते साध्यातल्या साध्या साधनावर उघडले पाहिजे आणि शोधणाऱ्याला सापडले पाहिजे. कपाटात कुलूपबंद ग्रंथ असणे आणि नसणे सारखेच. मॅनडॉकच्या कर्त्यांनी नवे ज्ञान निर्माण केले नाही. होते ते सर्वांच्या हाती पोचेल असे केले. हे काम मला लहान वाटत नाही.

जाता जाता एक सूचना. आपल्या महाविद्यालयात प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, ग्रंथालय अशा प्रत्येक कामाचे एकेक पान मराठीत लिहून का ठेवू नये? मथळे ठरलेले असावेत: नाव, उपयोग, कृती, उदाहरण आणि, संकोच न करता, दोष. नियम बदलला की त्याच दिवशी पान बदलावे, आणि खाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. ग्रंथालयाचे पान लिहायला मी तयार आहे. बाकीची पाने ज्यांनी ती कामे एकदा केली आहेत त्यांनी लिहावीत, म्हणजे जूनमध्ये नव्याने येणाऱ्या मुलामुलींना खिडकीपुढे धीर गोळा करीत उभे राहावे लागणार नाही.