पावती पुस्तक छापायला टाकण्याआधी
(दिघ्यातील मंडळांना आणि रहिवाशांना तातडीचं आवाहन)



गणेशोत्सव तोंडावर आला आहे. विष्णुनगरपासून इलठणपाड्यापर्यंत मंडळांची पावती पुस्तकं छापायला जातील. याच दिवसांत कुणाच्या डायलिसिससाठी, कुणाच्या मुलाच्या ऑपरेशनसाठीही मदत मागितली जाईल. आणि ती नाकारली जाण्याचं प्रमाण वाढेल, अशी आम्हाला खरी धास्ती आहे.

त्याचं कारण फसवणूक. कुणी आजारी मुलाच्या फोटोचं लॅमिनेट केलेलं कार्ड पुढे करतं. सोबतचं रुग्णालयाचं पत्र इतक्या वेळा झेरॉक्स केलेलं असतं की तारीखच लागत नाही. क्यूआर स्कॅन केला की कार्डावर छापलेल्या संस्थेऐवजी भलत्याच माणसाचं नाव मोबाइलवर येतं. असं एकदा झालं की माणूस पुढच्या दहा जणांना हात जोडून वाटेला लावतो. त्या दहांत आपल्याच चाळीतला खराखुरा रुग्ण असतो. फसवणाऱ्याची शिक्षा तो भोगतो.

म्हणून मंडळांना कळकळीची विनंती आहे. धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१ क खालची वर्गणी गोळा करण्याची परवानगी घ्या आणि तिचा क्रमांक पावतीवर छापा. क्यूआर मंडळाच्या खात्याचाच ठेवा. दुकानदाराला आकडा सांगू नका. तो देईल ते घ्या, नाही म्हणाला तर नमस्कार करून पुढे व्हा. उत्सवानंतर कार्यालयाला हिशेब द्यावा लागतोच. तोच कागद मंडपाच्या जागी, सगळ्यांना वाचता येईल असा लावा, कुणी मागायच्या आत.

रुग्णासाठी पैसे जमवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी लिहून द्यावी: पैसे उरले तर काय करणार? बोलायला अवघड आहे, पण भांडणं इथेच होतात. रुग्ण वाचला नाही, किंवा खर्च कमी आला, तर उरलेली रक्कम घरच्यांची, दुसऱ्या रुग्णाची की देणाऱ्यांना परत? दुःखाच्या घरात हा प्रश्न नंतर विचारायची वेळ येऊ देऊ नका. झोळी फिरवण्याआधी हेही पाहा की धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथे अर्ज केला का?

देणाऱ्यांनो, देणं थांबवू नका, विचारणं सुरू करा. ट्रस्ट असेल तर नोंदणी क्रमांक मागा. करसवलत मिळेल असं सांगून कुणी दोन हजारांहून जास्त रोख मागत असेल तर सावध व्हा. तेवढ्या रोख देणगीवर सवलत मिळत नाही. २०१५ मध्ये इथल्या बेकायदा इमारतींवर हातोडा पडला, तेव्हा बिल्डरच्या कागदांवर भरवसा ठेवून घर घेतलेले आपलेच शेजारी उघड्यावर आले. कागद दाखवा म्हणण्यात कुणाचा अपमान नाही, हे दिघ्याला वेगळं सांगायला नको.

आणि हिशेब चोख असला की महाराष्ट्र हात आखडत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभा केला. १९०८ मध्ये त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला, देणाऱ्याला जाऊन बघता येईल असा. ‘लोकसत्ता’ने २०११ मध्ये ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू केला. गणेशोत्सवात दहा संस्थांचं काम छापून येतं आणि वाचक थेट संस्थेच्या नावाने धनादेश काढतात. २००४ मध्ये स्वयंसेवी संस्थांनीच क्रेडिबिलिटी अलायन्स स्थापून आपल्या कारभाराचे निकष ठरवले. सरकारने बडगा उगारायची वाट त्यांनी पाहिली नाही, आपणही पाहू नये.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनी या आठवड्यातच एकत्र बसावं, वरचे नियम एका पानावर लिहून त्याखाली अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते पान पावती पुस्तकात पहिलंच छापावं. आणि रहिवाशांनो, दारात वर्गणीला कुणी आलं की आधी ते पान दाखवायला सांगा.