त्यात अभिनय कसला?

आमच्या शाखेत एक नाट्यरसिक आहेत. कॉलेजात असताना त्यांनी एका ऐतिहासिक नाटकात तलवार धरली होती. तेव्हापासून विनोदी नट हा त्यांच्या मते भालदार-चोपदारांच्याही खालचा. परवा डब्याच्या सुट्टीत मी त्यांना मोबाइलवर 'डॅड्स आर्मी' ही जुनी ब्रिटिश मालिका दाखवली. तिच्यात आर्थर लो हा नट बँक मॅनेजर झालाय. पाच मिनिटं पाहून हे म्हणतात कसे, "हा माणूस मुळातच असा असणार हो. त्यात अभिनय कसला?"

माझा घास घशातच अडकला. कारण ही तक्रार विलायतेतही जुनीच आहे. लोसाहेब प्रत्यक्षातही ताठ आणि मानापमान सांभाळणारे होते, आणि पेरी व क्रॉफ्ट या लेखकांनी त्यांच्या स्वभावाचे कंगोरे पात्रात उतरवले, हे खरंच आहे. संहिता घरी न्यायचे नाहीत, पाठांतर कच्चं, असंही सहकारी सांगत. चला, मान्य! पण मी कॉमर्सचा माणूस, जमेची बाजूही पाहणार. वीस वर्षांत मी सात मॅनेजर पाहिले. सातही जण मुळातच तसे होते. स्वतःसारखं वागणं इतकं विनोदी असतं तर आमच्या काउंटरवर तिकीट लावावं लागलं असतं! रजेचा अर्ज परत घेऊन येताना मला एकदाही हसू फुटलेलं नाही.

कथा तशी साधी. साल 1940. जर्मन कधीही उतरतील या धास्तीत इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावात म्हातारे आणि पोरंसोरं 'होम गार्ड' म्हणून उभी राहतात. कप्तान कोण? तर तिथल्या बँकेचा मॅनेजर, मॅनरिंग. (स्पेलिंगप्रमाणे वाचलंत तर 'मेनवेअरिंग' होईल. इंग्रजांनी आपल्याला दीडशे वर्षं छळलं, त्यातलाच हा एक प्रकार.) त्याचा सार्जंट म्हणजे त्याचाच हेडक्लार्क, विल्सन. ते काम जॉन ल मेझरियरचं. गंमत अशी, की इथे साहेब कारकुनासारखा दिसतो आणि कारकून साहेबासारखा! विल्सन बड्या घराण्यातला, उंची शाळेतला. मॅनरिंग कष्टानं वर चढलेला. त्या नुसत्या उभं राहण्यातली जळफळ लो चष्म्याआडून दाखवतो. ती बघायला बँकेतच नोकरी करायला हवी असं नाही, पण केली असेल तर जास्त कळते.

1973 मधला तो प्रसंग घ्या. पकडलेला जर्मन पाणबुडीचा कप्तान, जिंकल्यावर सूड घ्यायचा म्हणून नावांची यादी करतोय. पाईक नावाचं पोर त्याला चिडवतं. तो नाव विचारतो. आणि आपले मॅनरिंगसाहेब पूर्ण लष्करी जरबेनं ओरडतात, अजिबात सांगू नकोस म्हणून. पोराचं नाव घेऊन! हे वाक्य किंचित डोळा मिचकावून म्हटलं असतं, तर मेलं असतं. लोनं ते असं टाकलंय, की आपण काही गंमत केली याचा त्याला पत्ताच नाही. आमच्या तलवारबहाद्दरांनी एकदा करून दाखवावं.

याच भागात विजारीत बॉम्ब टाकायचा प्रकार आहे. तो मूळ बेताप्रमाणे मॅनरिंगच्या विजारीत पडायचा. लोसाहेबांनी साफ नकार दिला, बॉम्ब जोन्स खाटकाच्या वाट्याला गेला. लोक म्हणतात, पाहा, केवढा तोरा! मी म्हणतो, बरोबरच केलं. मॅनरिंग मूर्ख आहे, पण तो विदूषक नाही. जर्मन रणगाडा आलाच तर हा गडी खरोखर त्याच्यापुढे उभा राहणार, हे आपल्याला माहीत असतं. विजार गेली की तेही गेलं.

वादाच्या भरात मी रसिकांना सांगितलं, की 1974 मध्ये हाच माणूस नॅशनल थिएटरमध्ये जॉन गिलगुडसमोर शेक्सपिअर करत होता, आणि बाफ्टाचं पारितोषिकही त्याला मिळालं ते 'ओ लकी मॅन' या चित्रपटाबद्दल. ते लगेच वरमले. "असं होय! मग मोठा नट म्हणायचा."

तिथे मात्र माझं डोकं फिरलं. अहो, मॅनरिंगला जामीनदार कशाला? 1968 ते 1977, नऊ वर्षं, 80 भाग, हे खातं स्वतःच्या पतीवर चालतं! शेक्सपिअरची सही आणा म्हणजे कर्ज मंजूर करतो, हा कुठला नियम?

ताडकन 1970 मधला भाग लावला. बायको पडद्यावर कधी दिसतच नाही अशा या मॅनरिंगला पन्नाशीत एक बाई आवडते. गावात कुजबुज होते, बाई गाव सोडते. स्टेशनात हा गणवेशातला गोल माणूस तिला 'जाऊ नका' म्हणून विनवतो. गाडी सुटते. बस, एवढंच. चष्मा तोच, मिशी तीच.

14 एप्रिल 1982 ला बर्मिंगहॅमच्या एका थिएटरात, प्रयोगाआधी, लो रंगपटात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. वय 66. बायको जोन त्याच नाटकात होती. अंत्ययात्रेच्या दिवशी ती बेलफास्टला त्याच नाटकाचा प्रयोग करत होती. हे मी सांगत असताना रसिक काही बोलले नाहीत. डबा बंद केला, चष्मा बोटानं वर सरकवला, आणि काउंटरवरच्या पोरावर उगाच खेकसले.