पुण्याने देशाला लावलेली सवय

भारतीय मध्यमवर्गाच्या रोजच्या प्रवासाला वळण लावण्यात पुणे-पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा वाटा फार मोठा आहे. १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ स्कूटर आणि फिरोदियांच्या किनेटिक इंजिनिअरिंगची ‘लुना’ मोपेड बाजारात आली. आकुर्डीच्या कारखान्यात बनणाऱ्या ‘चेतक’साठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. नवरा-बायको आणि दोन मुले एका स्कूटरवर, हे दृश्य गावोगावी दिसू लागले. ५० सीसीची, वजनाला हलकी ‘लुना’ पेट्रोल संपले तर पेडल मारून घरी नेता येई. पुणे तेव्हा सायकलींचे शहर होते. सायकलवाल्याला परवडणारी पुढची पायरी म्हणजे ‘लुना’.

१९८० च्या दशकात ‘किनेटिक होंडा’ स्कूटर आली. गिअर बदलायला नको, किक मारायला नको, बटण दाबले की गाडी सुरू. साडी नेसूनही ती सहज चालवता येई. कॉलेज, नोकरी, बाजार यांसाठी बाईला भावाच्या किंवा नवऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागेना. पुण्याच्या रस्त्यांवर लवकर रुळलेला हा बदल पुढे देशभरच्या शहरांत पोहोचला. दुचाकीने दिलेले हे स्वातंत्र्य खरे आणि मोलाचे आहे.

पण या स्वातंत्र्याची किंमत पुण्यातील स्वारगेटच्या जेधे चौकातील वाहनकोंडीत दिसते. एसटी स्थानक, पीएमपी या शहर बससेवेचे बसस्थानक आणि सातारा रस्त्याची वर्दळ इथे एकत्र येते. उड्डाणपूल झाला, तरी कोंडी सुटलेली नाही. पायी चालणाऱ्याला रस्ता ओलांडणेही अवघड जाते.

या कोंडीवरचा उपायही देशात आधी इथेच आला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर भारतातील पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची बससेवा, सुरू झाली. पण बसची मार्गिका सलग राहिली नाही, तिच्यात इतर वाहने शिरत राहिली आणि योजना खिळखिळी झाली. २००९ मध्ये अहमदाबादने बीआरटी सुरू केली, मार्गिका सलग ठेवली, तिचे जाळे वाढवले आणि नाव कमावले.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि पिंपरी थेट या चौकाशी जोडली गेली. एसटी, पीएमपी आणि मेट्रो आता एका ठिकाणी आहेत. तरीही घरापासून स्थानकापर्यंत वेळेवर बस आणि चालण्याजोगा पदपथ मिळत नाही, तोवर पुणेकर दुचाकी सोडणार नाही. त्याने ती का सोडावी? म्हणून महापालिका आणि पीएमपीने पूल आणि रुंदीकरणाआधी बसगाड्या आणि पदपथांवर पैसा घालावा. देशाला दुचाकीची सवय लावणाऱ्या शहराने सार्वजनिक वाहतुकीची सवय आता स्वतःला लावून घेतली पाहिजे.