लाडक्या बहिणीचे दीड हजार जातात कुठे?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. पात्र महिलेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. या पैशाला 'फुकटचा' म्हणणाऱ्यांनी धुणीभांडी करणाऱ्या बाईचा महिनाअखेर पाहावा. मात्र वस्तीत काम करताना हेही दिसते, की कित्येक घरांत हे पैसे दोन दिवसही टिकत नाहीत. ते थेट कर्जाच्या हप्त्यात जातात.

हे कर्ज चैनीसाठी घेतलेले नसते. दवाखाना, शाळेची फी, खोलीचे डिपॉझिट यांसाठी घेतलेले असते. सावकाराचा दर शेकडा पाच. २०,००० रुपयांवर वर्षाला १२,००० व्याज जाते आणि मुद्दल तसेच राहते. मग ते फेडायला मायक्रोफायनान्स, आणि त्याचा हप्ता भरायला आणखी एक कर्ज.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार अशा कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी तगादा लावता येत नाही. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड नाही. आपल्या किती आया-बहिणींना हे ठाऊक आहे?

इथे विहाराचे काम सुरू होते. २० महिलांनी महिना २०० रुपये टाकले, तर वर्षात ४८,००० जमतात. गटातून शेकडा दोनने कर्ज घेतले, तरी व्याज गटाकडेच राहते. बचत गटांना बँकेशी जोडण्याची वाट नाबार्डने १९९२ मध्येच खुली केली आहे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचा चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखायला सांगितले आहे. ऋणमुक्त असणे हेही त्यांनी गृहस्थाचे एक सुख मानले. ही शिकवण वंदनेनंतर विहारातच राहते, हे आपले अपयश आहे.

अर्थात, बचत गट म्हणजे पगारवाढ नव्हे. ठेकेदार किमान वेतन बुडवत असेल तर संघटनाच लागते. पण हप्त्याला बांधलेली बाई संपाला उभी राहू शकत नाही. म्हणून दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील.

शिकलेल्या तरुणांनी रविवारचे दोन तास द्यावेत. विहारात बसून एकेका घराची कर्जे वहीत मांडावीत. जयंतीची वर्गणी घरोघरी गोळा करणाऱ्या आपल्याला ती घरे नवीन नाहीत.

जय भीम.