करार वाचायचा, पण कुणाच्या बाजूने?

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि ऑफिसचा लॅपटॉप बॅगेतच ठेवायचा असा पक्का निश्चय. तेवढ्यात एका मित्राचा फोन. हा एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो (कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही).

"अरे, ट्रस्टींनी फर्मान काढलंय. यापुढे सगळी कंत्राटं एआयकडून तपासून घ्यायची. साफसफाई, सिक्युरिटी, कँटीन, बस, ईआरपी, सगळी! आणि कमिटीवर मी. तू आयटीवाला ना, सांग आता."

झालं, गेला आमचा शनिवार.

मी म्हटलं, आधी एकच कंत्राट घेऊ. साफसफाईचं घेतलं. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, मागे बावीस पानं, शेवटी कामगारांची यादी आधार आणि बँक खात्याच्या नंबरांसकट! ती यादी आधी काढून टाकली. लोक अशा फाइली जशाच्या तशा कुठल्याही फुकट चॅटबॉटला देतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. असो.

मित्राने प्रश्न टाइप केला, "या करारात संस्थेला धोका कुठे आहे?" मिनिटभरात अकरा मुद्दे हजर. करार आपोआप नूतनीकरण होतो, नोटिशीचा काळ एकतर्फी आहे, दंडाची रक्कम मोघम आहे, वगैरे. सगळे मुद्दे बरोबर होते, खोटं कशाला बोलू? ज्या माणसाने गेली चार वर्षं हा करार न वाचता सही केली, त्याच्यापेक्षा मशीन शंभर पटीने बरं.

मग मी तोच करार दिला आणि प्रश्न बदलला. "या करारामुळे झाडू मारणाऱ्या बाईचा पगार कधी आणि का थकेल?"

आता वेगळीच पानं वर आली. एका कलमात लिहिलंय की संस्था ठेकेदाराचं बिल ९० दिवसांत देईल. दुसऱ्यात लिहिलंय की ठेकेदार कामगारांचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत देईल (कायदाही तेच सांगतो). म्हणजे ठेकेदाराने तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या खिशातून फिरवायचे. ज्याला सर्वांत कमी दराच्या टेंडरवर काम मिळालंय, त्याचा खिसा केवढा असणार?

आता दर बघा. किमान वेतन १०० रुपये धरलं, तर त्यावर मालकाचा पीएफ आणि त्याचे आनुषंगिक खर्च मिळून साधारण १३, ईएसआयचे ३.२५, किमान बोनसचे ८.३३. झाले १२४ रुपये ५८ पैसे. यात रजा नाही, गणवेश नाही, फिनेल नाही, ठेकेदाराचा नफा तर नाहीच. आणि करारातला दर काय? १०० ला ११२! म्हणजे सही व्हायच्या आधीच कुणाचा तरी खिसा कापला जाणार हे ठरलेलं आहे. कुणाचा, ते तुम्हाला कळलंच असेल. या हिशोबाला एआयसुद्धा नको, एक्सेल पुरे.

कॉलेजच्या मावशींचे पगार दिवाळीच्या तोंडावर दोन महिने थकले होते, हे मित्राला आत्ता आठवलं. तेव्हा अकाउंट सेक्शनने उत्तर दिलं होतं, "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे, करारात तसं कलम आहे."

कलम आहे हो. पण ते ठेकेदार आणि कॉलेज यांच्यातलं आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मुख्य मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही ते तत्त्व कायम आहे. म्हणजे ट्रस्टी ज्याला चिलखत समजत होते, तो नुसता सदरा निघाला.

माझं भांडण एआयशी नाही. माझी रोजीरोटी त्यावरच आहे. माझं भांडण "एआयने तपासलंय" या वाक्याशी आहे. मशीन प्रश्न विचारणाऱ्याच्या बाजूने वाचतं. कंत्राटं वाचायला मॉडेल शिकवण्यासाठी २०२१ मध्ये क्युएड नावाचा प्रसिद्ध डेटासेट आला. त्यात ५१० व्यापारी करार, कलमांचे ४१ प्रकार, सगळं इंग्रजीत. व्यापारी करारात दोन कंपन्या असतात. आपल्या करारातली तिसरी व्यक्ती, जिची सही कुठेच नाही आणि जिचं पोट त्यावर आहे, ती तुम्ही विचारल्याशिवाय त्यात कशी दिसणार?

तुम्ही म्हणाल, यासाठी वकील आहेत की. आहेत, पण वकिलाला पैसे संस्था देते, आणि तोही पहिलाच प्रश्न विचारतो. शिवाय वकीलही मशीनवर डोळे मिटून विसंबतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले खटले सादर झाले आणि वकिलांना ५,००० डॉलर दंड बसला. मशीनला दंड झाला नाही, हे लक्षात घ्या.

मग करायचं काय? वापरा एआय, जरूर वापरा. साठ करार एका दुपारी चाळून द्यायला त्याच्यासारखा गडी नाही. पण प्रत्येक करार तीनदा वाचून घ्या. एकदा संस्थेच्या बाजूने, एकदा कामगाराच्या आणि एकदा विद्यार्थ्याच्या. ईआरपीच्या करारात हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे सॉफ्टवेअर कंपनीशी काहीही करार केलात तरी जबाबदारी संस्थेचीच राहणार, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. याच्या मुख्य तरतुदी अजून लागू व्हायच्या आहेत. तोवर करार सुधारायला वेळ आहे. शेवटी, मशीनचा रिपोर्ट कुणी वाचला त्याचं नाव आणि सही खाली हवी. "सिस्टिमने पास केलं" ही सही नव्हे.

मित्राने सोमवारी कमिटीत दोनच गोष्टी मागायचं ठरवलंय, बिल ९० ऐवजी १५ दिवसांत आणि दर हिशोबाने. ट्रस्टी म्हणतील, खर्च वाढतो. वाढतोच! आजवर तो खर्च मावशी भरत होत्या, एवढाच फरक.

आणि तुमच्या ऑफिसात रोज टेबल पुसून जाणाऱ्या काकांचं कंत्राट कुणी वाचलंय? सोमवारी विचारून बघा.